खान्देशातून सहकुटुंब जर्मनीला: पहिल्या वर्षाची घडी कशी बसवायची

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मंडळी आता एकेकटी नाही, बायको-मुलं घेऊन जर्मनीत यायला लागली आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केल्यापासून तर गावागावात त्याची चर्चा आहे. मी मूळची अमळनेर तालुक्यातली, राहते श्टुटगार्टजवळ. नव्याने येणाऱ्या घरांना मी फोनवर जे तुकड्या-तुकड्यांनी सांगते, ते इथे एकत्र लिहिते आहे.

ज्याला नोकरी आहे त्याला ऑफिस सांभाळून घेतं. सहकारी असतात, कागद भरून देणारा एचआर असतो, दिवसाला आकार असतो. घर रुळतं की नाही, हे मात्र नोकरी नसलेल्या माणसावर ठरतं, आणि आपल्याकडच्या बहुतेक घरांत ती बायको असते. म्हणून प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट तपासायची: हे काम तिला एकटीला जमेल अशी व्यवस्था आपण केली आहे का? गावाकडे राहिलेल्या आईवडिलांनाही हीच कसोटी लावायची. त्यांचं रोजचं काम तुमच्यावाचून अडतं का? या दोन प्रश्नांची उत्तरं नीट असली, तर बाकीचं निभतं.

निघण्याआधी, गावातच उरकायची कामं

कागदांपासून सुरुवात करा, कारण वेळ तिथेच जातो. नवराबायको आणि मुलं, सगळ्यांच्या पासपोर्टवरची नावं जन्मदाखल्यावरच्या आणि लग्नाच्या दाखल्यावरच्या नावांशी अक्षरन् अक्षर जुळतात का ते पाहा. आपल्याकडे एकाच आडनावाची तीन स्पेलिंगं असतात, लग्नानंतर बायकोचं नाव बदललेलं असतं, एखाद्या कागदावर वडिलांचं तर दुसऱ्यावर नवऱ्याचं नाव मध्ये येतं. जर्मन कारकून पासपोर्टवर जे छापलं आहे तेच खरं मानतो. दुरुस्ती ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करायची असेल तर ती व्हिसाचा अर्ज टाकण्याआधी करा.

लग्न धूमधडाक्यात झालं, पण नोंदणी राहून गेली, असं खेड्यात पुष्कळ घरांत असतं. नुसती पत्रिका आणि फोटो चालत नाहीत. गावात ग्रामसेवकाकडे आणि शहरात नगरपालिकेत नोंदणी होते. दाखला मराठी-इंग्रजी दोन्हींत मिळाला तर उत्तम. मराठी कागदाचं भाषांतर प्रमाणित अनुवादकाकडूनच करून घ्या. कोणत्या दाखल्याची कशी पडताळणी लागते हे मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या संकेतस्थळावर तपासा. एजंट सांगतो म्हणून कुठेही शिक्के मारून पैसे घालवू नका.

मुलांचं लसीकरण कार्ड मूळ स्वरूपात जवळ ठेवा. जर्मनीत १ मार्च २०२० पासून पाळणाघर आणि शाळेसाठी गोवराची लस कायद्याने बंधनकारक आहे. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला एक आणि दोन वर्षांवरच्या मुलाला दोन डोस झाल्याचा पुरावा लागतो. अंगणवाडीतलं किंवा आरोग्य केंद्रातलं कार्ड मराठीत, तेही पेनाने घाईत लिहिलेलं असतं. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून तारखांसकट इंग्रजीत लिहून, सही-शिक्का घेऊन ठेवा. दातांची कामं गावातच उरका, आणि चष्मा असेल तर एक जादा चष्मा करून घ्या. जर्मनीत मोठ्या माणसांच्या साध्या चष्म्याचा खर्च आरोग्य विम्यातून मिळत नाही.

आता शेती आणि बँक. ही पायरी लोक सर्रास टाळतात. नोकरीसाठी परदेशी गेलात की परकीय चलनाच्या कायद्याने तुम्ही अनिवासी ठरता. साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे भारतातल्या उत्पन्नासाठीचं अनिवासी खातं, करायचं. बाहेरची कमाई भारतात पाठवण्यासाठी एनआरई खातं वेगळं काढायचं, त्याच्या व्याजावर भारतात कर लागत नाही. पीपीएफचं जुनं खातं मुदतीपर्यंत चालतं, नवं उघडता येत नाही. खान्देशातल्या घरांसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अनिवासी झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने येते, असलेली ठेवता येते, पण खरेदी नाही. भावाचा हिस्सा घ्यायचा किंवा शेजारचा तुकडा जोडायचा असा विचार चालू असेल, तर निर्णय निघण्याआधीच घ्या.

सातबारा, आठ-अ आणि खात्यावरची नावं एकदा तलाठ्याकडे बसून पाहून घ्या. शेताचे व्यवहार कुणी सांभाळायचे ते ठरवा, आणि त्याच्या नावाने मुखत्यारपत्र नोंदवून द्या. त्यात नेमकी कामं लिहा: पीक कर्ज, वीजबिल, विमा, ई-पीक पाहणी. 'सर्व अधिकार' असं ढोबळ लिहू नका, मग तो सख्खा भाऊ का असेना. नात्यातला गोडवा टिकवायलाच कागद स्पष्ट असावा लागतो. मोबाइलचं भारतीय सिम चालू ठेवा. आधार, बँक, सगळ्यांचे ओटीपी त्यावरच येतात.

बॅगेत काय, आणि काय अजिबात नाही

आई डबे भरायला बसली की तिला थांबवणं अवघड. पण युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, खवा, पेढे, पनीर, सगळं त्यात येतं. विमानतळावर सापडलं तर फेकतात आणि दंडही होऊ शकतो. ताज्या भाज्या आणि फळांना प्रमाणपत्र लागतं. त्यातून वगळलेली फळं पाचच: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. पेरायच्या बियाण्यालाही प्रमाणपत्र लागतं, म्हणून भरताच्या वांग्याचं बी पुडीत बांधून आणू नका.

आणावं ते असं: वर्षभर पुरेल इतका काळा मसाला, जाड लाल शेव, बिबडे, पापड, कुरडया, लोणचं, आणि कळण्याचं पीठ. ज्वारी-उडीद चक्कीवर दळतानाच मीठ घालून दळलेलं कळण्याचं पीठ इथे कुठेही मिळत नाही. साधं ज्वारीचं पीठ मोठ्या शहरातल्या भारतीय दुकानात मिळतं, पण महाग. डाळी, तांदूळ, गव्हाचं पीठ ओझं करून आणायची गरज नाही. तुपासाठी इथलं बिनमिठाचं लोणी कढवा, अस्सल तूप होतं.

जर्मनीतही वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच आहे, म्हणून आपला मिक्सर बिनधास्त चालतो. फक्त तीन पिनांचा आपला प्लग बसत नाही, त्यासाठी अॅडॉप्टर घ्या. भांडी निवडताना चुंबक लावून बघा. इथल्या घरांत गॅस क्वचित असतो, काचेची सपाट विजेची शेगडी असते. साध्या काचेच्या शेगडीवर सपाट बुडाचं कुठलंही भांडं चालतं, इंडक्शनवर मात्र चुंबक चिकटणारंच लागतं. गोल बुडाची कढई आणि मांड्यांचं खापर गावातच राहू द्या.

लोकरी कपडे जळगावातून घेऊन येऊ नका. आपल्याकडच्या दुकानातलं जाकीट इथल्या थंडीत टिकत नाही. मुलांचे कपडे, पावसाळी विजारी, रबरी बूट इथल्या मुलांच्या जुन्या बाजारात फार स्वस्तात आणि चांगल्या स्थितीत मिळतात. पोरं सहा महिन्यांत वाढतात, नवं घेण्यात अर्थ नाही.

पहिले दोन आठवडे

घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करायची. तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो, तो घर ठरवतानाच मागून घ्या. भेटीची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि शहरात ती लवकर मिळत नाही, म्हणून विमानाचं तिकीट काढल्याबरोबर वेळ राखून ठेवा. त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तिथे 'नाही' लिहा किंवा रिकामा सोडा. ही नोंद चर्चच्या करासाठी असते. चर्चच्या सदस्यांना उत्पन्नकराच्या आठ ते नऊ टक्के तो वेगळा भरावा लागतो.

नोंदणी झाली की काही आठवड्यांत कर क्रमांक टपालाने घरी येतो. टपालाने म्हणजे खरोखर टपालानेच. विमा, बँक, पालिका, सगळ्यांची महत्त्वाची पत्रं कागदावर येतात. त्यासाठी पहिल्याच दिवशी एक काम करा: टपालपेटीवर आणि दारावरच्या घंटीवर आपलं आडनाव लावा. इथे फ्लॅटला नंबर नसतो. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. बायकोचं आडनाव पासपोर्टवर वेगळं असेल तर दोन्ही आडनावं लावा. पत्रं तारखेनुसार फाइलला लावा आणि ती फाइल घरात दोघांना सापडेल अशी ठेवा.

बँक खातं दोघांच्या नावाने काढा. सरकारी पद्धतीच्या आरोग्य विम्यात कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता सामावली जातात, पण त्यांचा अर्ज वेगळा भरावा लागतो. प्रत्येकाचं कार्ड वेगळं येतं. तिचं कार्ड तिच्या पर्समध्ये असू द्या.

मुलांसाठी दरमहा मिळणारं किंडरगेल्ड विसरू नका. २०२५ मध्ये ते प्रत्येक मुलामागे २५५ युरो होतं. उशिरा अर्ज केलात तर मागच्या सहा महिन्यांचंच मिळतं, त्यापूर्वीचं बुडालं. टीव्ही-रेडिओच्या नावाने महिना १८.३६ युरोचं बिल प्रत्येक घराला येतं, घरात टीव्ही असो वा नसो. ते फसवणुकीचं पत्र समजून फाडू नका.

घर आणि शेजार

जाहिरातीतल्या 'तीन खोल्या' म्हणजे दोन बेडरूम आणि एक हॉल. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर त्यात मोजत नाहीत. बऱ्याच घरांत ओटा, सिंक, शेगडी काहीच नसतं, भाडेकरू आपलं स्वयंपाकघर घेऊन जातो. ओटा असलेलंच घर शोधा. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असते, आणि कायद्याने ती तीन हप्त्यांत देता येते. चावी घेताना प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या डागांचे, मीटरच्या आकड्यांचे फोटो काढा.

आपल्याकडे मे महिन्यात आपण दारं-खिडक्या बंद करून कूलर लावतो. इथे उलटं: कडाक्याच्या थंडीतही दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या. नाही उघडल्या तर कुकरची वाफ आणि वाळत घातलेल्या कपड्यांचा ओलावा भिंतीत बसतो, कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि सोडताना अनामतीतून पैसे कापले जातात. हे घरात दिवसभर असणाऱ्या माणसाला कारणासकट समजावून सांगा. नुसतं 'खिडकी उघड' म्हटलं तर बाहेर शून्याखाली असताना कुणी उघडणार नाही.

रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून दूध-भाजी शनिवारीच आणायची. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज नाही. रविवारी भिंतीला ड्रिल लावायचं नाही, काचेच्या बाटल्या टाकायला जायचं नाही. कचरा कागद, ओला, वेष्टणं आणि उरलेला असा वेगळा करायचा, आणि कुठल्या तारखेला कुठला डबा जातो त्याचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवायचं. प्लास्टिकच्या बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या मशीनमध्ये घातल्या की परत मिळते. हे काम मुलांना द्या, त्यांना फार आवडतं.

चूल

घर आपलं वाटायला लागतं ते जेवणातून, म्हणून इथे जरा थांबते.

काळ्या मसाल्याच्या भाजीसाठी आपण कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजतो. त्याचा धूर जर्मन घरात जिरत नाही. झोपायच्या खोल्यांत आणि बोळात धूर ओळखणारी यंत्रं कायद्याने बसवलेली असतात आणि ती कर्कश वाजतात. उपाय सोपा आहे. कांदा आणि खोबरं ओव्हनमध्ये भाजायचं, स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी, धूर ओढणारा पंखा चालू. महिन्यातून एकदाच जास्तीचं भाजून, वाटून, छोट्या डब्यांत गोठवून ठेवलं की रोजची शेवभाजी वीस मिनिटांत होते. यंत्राची बॅटरी काढून ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते जिवाच्या रक्षणासाठी आहे.

भरताचं पांढरट-हिरवं वांगं इथे नाही. तुर्की दुकानातलं मोठं, हाताला हलकं लागणारं जांभळं वांगं घ्या. हलकं म्हणजे बी कमी. काट्याने चहूबाजूंनी टोचा, नाहीतर फुटतं. तेलाचा हात लावून ओव्हनच्या ग्रिलखाली सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवा. साल कोळशासारखी होऊन सुरकुतली पाहिजे आणि देठाजवळ बोट दाबलं तर आत गेलं पाहिजे. मध्ये दोनदा फिरवा. मग झाकून ठेवा म्हणजे साल सहज निघते. मिरच्या आणि लसूण तेलात परतून खलबत्त्यात ठेचा, मिक्सरला लावू नका. वर शेंगदाणे, पातीचा कांदा, कोथिंबीर. कपाशीच्या काड्यांवर भाजल्याचा वास मात्र ओव्हनला येत नाही.

तो वास हवा असेल तर उन्हाळ्याची वाट पाहा. इथल्या रानांच्या कडेला आणि बागांत सार्वजनिक चुली बांधलेल्या असतात. आपली चार घरं जमवा, लाकूड पेटवा, वांगी भाजा, पुऱ्या घरून तळून न्या. शेकोटी बंदीची पाटी मात्र आधी बघा, कोरड्या दिवसांत वणव्याच्या भीतीने मनाई असते. भाड्याच्या घराच्या गॅलरीत कोळसा पेटवू नका, बऱ्याच करारांत त्याला बंदी असते.

भाकरी विजेच्या शेगडीवर होते. तवा जड आणि सपाट हवा आणि शेगडी तापायला वेळ द्यायचा. आच नसल्यामुळे भाकरी फुगवायला तव्यावरच फडक्याने कडेकडेने दाबायची. कळण्याच्या भाकरीला पाणी लावल्यावर ती लगेच उलटायची नाही, पाणी दिसेनासं झालं की मगच.

शाकाहारी घरांनी एक जपावं. मुलांच्या वाढदिवसाला वाटल्या जाणाऱ्या रबरी गोळ्यांत बहुतेकदा जिलेटिन असतं. पाळणाघरातल्या किंवा शाळेतल्या बाईंना आधीच सांगून ठेवलं की त्या वेगळा खाऊ ठेवतात.

मुलं

एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला पाळणाघरात, म्हणजे किटात, जागा मिळण्याचा हक्क २०१३ पासून कायद्यात आहे. प्रत्यक्षात जागा कमी आणि रांग मोठी. पत्ता मिळताच, शक्य असेल तर येण्याआधीच, अर्ज करा, एकापेक्षा अधिक ठिकाणी.

जागा मिळाली की मूल पहिल्या दिवशी सोडून येता येत नाही. सुरुवातीचे काही आठवडे आईने किंवा वडिलांनी सोबत बसायचं, मग दहा मिनिटं बाहेर जायचं, मग अर्धा तास, असं हळूहळू सोडवतात. ही रीत मला फार भावते. पण याचा अर्थ त्या महिन्यात बायकोचा भाषेचा वर्ग ठेवायचा नाही, किंवा नवऱ्याने सुट्टी काढून बसायचं. दुसरा पर्याय चांगला. वडिलांनाही बाई, इतर पालक, मुलाचे मित्र कळतात.

डब्यात गोड आणि चिप्स बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. पोळीची सुरळी, काकडी-गाजराचे तुकडे, सफरचंद पुरतं. शेंगदाण्याची चटणी देण्याआधी कुणाला त्याची अॅलर्जी नाही ना ते विचारा. पाऊस असो, बर्फ असो, मुलं रोज बाहेर खेळतात आणि चिखलाने माखून येतात. आजी व्हिडिओ कॉलवर रागावेल. तिला सांगा, इथे सर्दी बाहेर गेल्याने होते असं मानत नाहीत.

सहाव्या वर्षी शाळा सक्तीची आहे आणि घरी शिकवायला परवानगी नाही. भाषेची काळजी करू नका, मूल वर्षभरात जर्मन बोलायला लागतं. काळजी करायची ती घरच्या भाषेची. घरात अहिराणी किंवा लेवा बोली बोलत असाल तर तीच बोला. 'मुलांचं मराठी बिघडेल' म्हणून प्रमाण भाषा आणि तुटकी जर्मन यांची भेसळ करू नका. आजीने फोनवर "काय करी राहिना रे भाऊ?" विचारलं आणि नातवाला कळलंच नाही, तर तो तुटलेला धागा पुन्हा जोडायला फार कष्ट पडतात. रोज झोपताना एक गोष्ट, आणि आठवड्यातून एकदा आजीशी तुमच्या मध्यस्थीशिवाय फोन, एवढं पाळलं तरी भाषा टिकते.

तिचं स्वतःचं

हा भाग मी नवऱ्यांना मुद्दाम वाचायला सांगते.

ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या निवास परवान्यावर, आलेल्याच्या जोडीदाराला येण्यापूर्वी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि इथे कुठलंही काम करायची परवानगी असते. पण परीक्षा लागत नाही म्हणून भाषा शिकायचीच नाही असं केलं, तर डॉक्टर, शाळा, दुकान, प्रत्येक ठिकाणी तिला नवऱ्याची वाट पाहावी लागते. गावाकडे जी बाई एसटीने एकटी धुळ्याला जाऊन बाजार करून येत होती, ती इथे घराबाहेर पडायला कचरते. याला तिचा स्वभाव कारण नाही, व्यवस्था कारण आहे, आणि ती बदलता येते.

गावी असतानाच मूळ अक्षरं, आकडे, वेळ, पत्ता सांगणं एवढं ऑनलाइन शिकून या. आल्यावर सरकारी एकात्मता वर्गाबद्दल विचारा. त्यात साधारण ६०० तास भाषा आणि १०० तास देशाची माहिती असते. तो मिळाला नाही तर शहरातल्या फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे प्रौढ शिक्षण केंद्रात, परवडणारे वर्ग असतात. शिकतानाच दर आठवड्याला एक काम तिने एकटीने करायचं असं ठरवा: औषधाच्या दुकानात जाणं, मुलाच्या बाईंशी बोलणं, डॉक्टरांची वेळ घेणं. फोनवर बोलणं सगळ्यात अवघड, ते शेवटी.

प्रवासासाठी देशभर चालणारं मासिक तिकीट आहे, २०२५ मध्ये ते ५८ युरोला होतं. ते दोघांचंही काढा. पैसे वाचवायला फक्त कमावणाऱ्याचं काढणं ही खोटी काटकसर आहे. गाडी चालवायची असेल तर भारतीय परवाना पहिले सहा महिनेच चालतो. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते, म्हणून तयारी आधीपासून करा.

डिसेंबरात दुपारी साडेचारच्या आसपास अंधार पडतो. खान्देशातल्या उन्हात वाढलेल्या माणसाला हे अंगावर येतं. घरी बसणाऱ्याला ते जास्त जाणवतं. दुपारी जेवणानंतर, उजेड असताना, अर्धा तास बाहेर चालणं औषधासारखं पाळा. उदासी आठवडेच्या आठवडे हटली नाही तर डॉक्टरांना सांगा. ते इथे अगदी सहज बोललं जातं, विम्यातही येतं.

आजारपण

निरोगी असतानाच घराजवळचा फॅमिली डॉक्टर आणि मुलांचा डॉक्टर ठरवा, आजारी पडल्यावर नवा रुग्ण घ्यायला ते तयार नसतात. मुलांच्या ठरलेल्या तपासण्या एका पिवळ्या वहीत नोंदवतात, ती जपा. जिवावरचं संकट असेल तर ११२, पोलिसांना ११०, आणि रात्री-रविवारी दवाखाना बंद असताना डॉक्टर हवा तर ११६११७. हे तीन आकडे आणि घरचा पत्ता जर्मनमध्ये लिहून दारामागे लावा.

आपल्याकडे तापाला लगेच इंजेक्शन, सलाइन. इथला डॉक्टर साध्या विषाणूच्या तापाला काढा आणि विश्रांती सांगून घरी पाठवतो. तो हयगय करतो आहे असं समजू नका, पण ताप किती दिवस राहिला तर परत यायचं हे विचारूनच बाहेर पडा. अठरा वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधावर वरचे पैसे द्यावे लागत नाहीत. मूल आजारी म्हणून घरी राहायला नोकरदार पालकाला वेगळ्या रजा असतात, त्या नवऱ्यानेही घ्याव्यात.

गावाकडचं घर आणि जाणं-येणं

भारत उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असतो. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर फोन केला तर गावी दहा-साडेदहा वाजलेले असतात, आई पेंगत बोलते. सकाळी निघताना केला तर तिकडे अकरा-साडेअकरा. तीच वेळ ठरवून टाका.

आईवडिलांच्या औषधांच्या चिठ्ठ्या, विम्याची कागदपत्रं, डॉक्टरांचे नंबर यांची एक फाइल गावी आणि तिचे फोटो तुमच्याकडे असू द्या. रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी कुणाची, सोबत कोण, सुरुवातीचे पैसे कुठून, हे नाव घेऊन ठरवा. 'गाव आहे ना' यावर सोडू नका.

मूल शाळेत जायला लागलं की आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा दिवाळीला मनाप्रमाणे गावी जाता येत नाही. सुट्टी नसताना शाळा बुडवली तर दंड होतो. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये उन्हाळी सुट्टी जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असते. म्हणजे श्रावण. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपली खान्देशची देवी कानबाई बसते, पुढे पोळा येतो. मुलांना हिरवंगार शिवार आणि कानबाईचे रोट दोन्ही मिळतात. तिकिटं मात्र हिवाळ्यातच काढा.

बायको बाळंतपणासाठी माहेरी जाणार असेल तर एक नियम ध्यानात ठेवा. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ जर्मनीबाहेर राहिलं की साधा निवास परवाना रद्द होतो. ब्लू कार्डधारक आणि त्याच्या कुटुंबाला ही मुदत बारा महिन्यांची आहे. आपला परवाना कोणता ते कार्डावर बघून मगच परतीची तारीख ठरवा. बाळ जर्मनीत जन्मलं, तर वर्षाच्या आत त्याच्या जन्माची नोंद भारतीय वकिलातीत करा.

आईवडिलांना बोलवायचं तर व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचा मिळतो, किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो, आणि खर्चाची हमी तुम्ही घेत असाल तर ते पत्र इथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून घ्यावं लागतं. शेतकरी वडील पेरणी सोडून थांबणार नाहीत. गहू-हरभरा घरात आला की एप्रिलच्या मध्यात बोलवा आणि मृगाच्या आत परत पाठवा. तिकडचा उन्हाचा कहर टळतो आणि इथे चेरीला बहर असतो. निवृत्तिवेतन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला ते भारतात असतील असं पाहा. नेहमीच्या गोळ्या मुक्काम संपेपर्यंत पुरतील इतक्या, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणि हातातल्याच बॅगेत द्या. मुंबईपर्यंत रेल्वेने आणि पुढे विमानाने पहिल्यांदाच एकटे निघणार असतील, तर तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत मागून ठेवा. चालता येत असलं तरी मागा, कारण तो माणूस त्यांना चेक-इनच्या खिडकीपासून थेट विमानाच्या दारापर्यंत पोहोचवतो.